अण्णांचे दोरे

चामराजपेट, बेंगळूरू
२० ऑक्टोबर २०२४

चि. शार्दूल यास,
अक्काचा आशीर्वाद. तुझ्या लेकीचा, भव्याचा ताप उतरला असेल. इकडे सगळे बरे आहेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. फोन केला नाही, कारण तू मध्येच बोलतोस आणि मी पुढचं विसरते.

अण्णांनी नऊ दिवस दुकान उघडलेलं नाही. गिऱ्हाइकं गाड्या घेऊन येतात आणि कुलूप बघून परत जातात.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला तुला अण्णांची जुनी फियाट तुझ्या कारखान्याच्या दारात मिरवायची होती. सरी, ठीक आहे, मिरव. पण चार दिवस आधी ती तिकडे बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात नेऊन डॅशबोर्डखालची वायरिंग साफ करायला तुला कोणी सांगितलं होतं? सगळ्या वायरी सोडवल्यास, नवी टेप गुंडाळलीस आणि वायरींवरचे मळके दोरे कात्रीनं कापून फेकलेस. मग पूजेच्या वेळी हॉर्न दाबला की हेडलाइट पेटायचा, स्टार्टर तर मेलेलाच. अण्णा वाकून एकेक वायर बोटांनी चाचपायला लागले. आणि तू तुझ्या साहेबांसमोर हसत म्हणालास, "अण्णा, हिरवी धरा म्हटलं ना? ती लाल आहे! स्वल्प चष्मा बदला आता." सगळे हसले. अण्णांनी टेस्टर बॉनेटवर ठेवला आणि बस धरून घरी आले.

मूर्खा, चष्म्याचा प्रश्नच नाही. अण्णांना लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही. जन्मापासून. म्हणून हेडलाइटच्या वायरीला दोऱ्याची एक गाठ, हॉर्नच्या दोन, स्टार्टरच्या तीन. त्या दोऱ्यांवर त्यांनी चाळीस वर्षं धंदा केला. रंग न दिसणाऱ्या इलेक्ट्रिशियनकडे गाडी कोण देईल? आई गेल्यावर हे फक्त मला माहीत होतं. सहा वर्षांची असल्यापासून मी शेजारी स्टुलावर बसून हळूच रंग सांगायचे आणि ते दोरा बांधायचे. तुला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती. मुलाच्या नजरेतून उतरायचं नव्हतं त्यांना. मुलीच्या नजरेचं काय एवढं! आणि पाटीवर लिहिलंय 'कृष्णमूर्ती अँड सन'. त्या सननं दुकानात एक फ्यूजसुद्धा बदललेला नाही.

आता तू म्हणशील, अक्का, मी तुला विचारलं होतं. हो, विचारलं होतंस. फोटो पाठवून, "हे दोरे काढू का?" मी भाजी चिरत होते, नीट बघितलं नाही, असं गेले नऊ दिवस स्वतःला सांगतेय. खोटं आहे. मी फोटो मोठा करून पाहिला. त्या गाठी मी ओळखणार नाही? आणि तरी 'काढ' असं लिहिलं. एकदा तरी चारचौघांत अण्णांनी मला हाक मारावी, "चंदना, इकडे ये, रंग सांग," एवढंच मला हवं होतं. पूजेला मी तिथेच, चार हातांवर उभी होते, तरी त्यांनी हाक मारली नाही. नुसतं माझ्याकडे पाहिलं. आणि मी जागची हलले नाही.

ते म्हणतात, पोराला काय माहीत, त्याला बोलू नकोस. माझ्यावरही त्यांचा राग नाही, आणि तेच मला सहन होत नाही.

येत्या रविवारी ये. एकटाच ये. मी त्यांना सगळं सांगणार आहे. त्यानंतर ते माझ्या हातचं पाणीही घेणार नाहीत, तेव्हा त्यांना पाणी द्यायला घरात कोणीतरी हवं.

तुझ्यावर चिडायचा हक्क नसताना चिडलेली,
चंदना