माझ्या नंबरच्या चिठ्ठ्या

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी ६.१०
आजपासून मी हॉस्पिटलच्या लाँड्रीची सुपरवायझर. घरातली पहिली ग्रॅज्युएट आणि पहिली खुर्चीवाली. आई म्हणाली, खुर्ची मिळालीय तर नीट टेकून बस, आपल्याकडे सगळ्यांचा जन्म उभं राहण्यात गेला. तिला समजावलं की मी खुर्चीसाठी नाही, सेवेसाठी जाते आहे.

गेल्या महिन्यात चर्चच्या तरुण संघाचं शिबिर झालं. विषय: सेवक-नेतृत्व. ज्याला पुढे व्हायचं आहे त्याने सगळ्यांचा चाकर व्हावं. प्रभूने स्वतः कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. पाळकसाहेबांनी विचारलं, हे कामाच्या जागी कोण करून दाखवेल? सगळ्यांत आधी माझा हात वर गेला.

संकल्प: खुर्चीत बसायचं नाही. रोज एक तरी हलकं काम करायचं. त्याचा गाजावाजा करायचा नाही. या वहीत फक्त नोंद, विसरू नये म्हणून.

त्याच दिवशी, संध्याकाळी
लाँड्री तळघरात आहे. वाफ, साबण आणि उकडलेल्या चादरींचा वास. माणसं नऊ. ड्रायरवर एक काका आहेत, त्यांची जीभ ड्रायरपेक्षा गरम. टेबल नंबर तीनवर घड्या घालणाऱ्या मावशी, वय पंचावन्नच्या पुढे. ऑपरेशन थिएटरचे हिरवे कपडे त्यांच्याकडे येतात. एकेक कापड त्या बल्बसमोर धरतात, वर तळहात फिरवतात, भोक असेल तर बाजूला काढतात. मग घडी. दहा घड्यांचा एक गठ्ठा, आणि गठ्ठ्यात घडी घालणाऱ्याच्या नंबरची चिठ्ठी. गठ्ठा वापरायला उघडला की चिठ्ठी ऑफिसात जाते, तिथे कुणाचं काम किती ते मोजतात.

मावशींचे यजमान आजारी आहेत. मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस, याच हॉस्पिटलात, तिसऱ्या मजल्यावर. कर्मचाऱ्याच्या घरच्यांना ते मोफत आहे. काका म्हणाले, मावशी इथे चादरींच्या घड्या घालतात आणि वर त्यांच्या यजमानांचे दिवस वाढतात.
मला रडू आलं. भाराक्रांतांचं ओझं उचलायलाच मला इथे पाठवलं आहे.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
माझी खुर्ची कामगारांना देऊन टाकली. मी उलट्या टोपलीवर बसले. मॅडम टोपलीवर बसल्यात म्हणून खुर्चीवर कुणीच बसेना. दुपारी वरच्या ऑफिसातल्या साहेबांचा शिपाई आला आणि खुर्ची रिकामीच आहे म्हणून उचलून घेऊन गेला. आता कुणालाच खुर्ची नाही. समता आली.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
सगळ्यांसाठी स्वतः चहा केला. काकांनी विचारलं, मॅडम, यात चहा टाकायचा राहिला की टाकून परत काढला?
नंतर सुचवलं की एके दिवशी मी सगळ्यांचे पाय धुवावेत. मग मावशी म्हणाल्या, मॅडम, पाय आम्ही घरूनच धुऊन येतो. सगळे हसले. मीही हसले, नम्रपणे.
घरी येऊन पडले. इतकी दमले की डबा धुवायचा राहिला. आई वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात दिवसभर भांडी घासते, तिने येऊन माझा डबा धुतला.

रविवार, ९ फेब्रुवारी
उपासनेनंतर सगळ्यांसमोर उभं राहून साक्ष दिली. विषय: मूकपणे केलेली सेवा. चांगली झाली असं तिघांनी सांगितलं. परत येताना आई म्हणाली, मूक सेवा सांगायला अकरा मिनिटं लागली होय गं?
आई घड्याळ का बघत होती?

बुधवार, १२ फेब्रुवारी
आज मार्ग सापडला. मावशींचा हात हळू चालतो. काल मंगळवार, यजमानांना वर सोडून त्या वीस मिनिटं उशिरा आल्या, त्याचा ढीग आजही टेबलावर होता. मी काही न बोलता बाह्या सरसावल्या आणि घड्या घालायला लागले. मावशी म्हणाल्या, राहू द्या मॅडम, मी उरकते, रोजच उरकते. किती नम्र बाई! मी आणखी जोरात घड्या घातल्या. सतरा गठ्ठे.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
बावीस गठ्ठे.
एक छोटा प्रश्न आला. मावशी जवळ येऊन हळूच म्हणाल्या, घड्या घालायच्या तर घाला, पण निदान चिठ्ठी तरी माझ्या नंबरची टाका. त्यांना प्रेमाने समजावलं की मी घातलेल्या घडीवर त्यांचा नंबर टाकणं म्हणजे खोटेपणा. खोट्यावर सेवा उभी राहत नाही. मावशी म्हणाल्या, खोटं कसलं त्यात, टेबल माझंच आहे की. काका लांबून म्हणाले, मॅडम, या हाताचं त्या हाताला कळू नये म्हणतात, तुम्ही तर पावती फाडताय.
काकांना अध्यात्माची बैठक नाही.
माझ्याच नंबरच्या चिठ्ठ्या टाकल्या.

मंगळवार, १८ फेब्रुवारी
तीस. मला आता चांगलाच वेग आला आहे. बल्बसमोर एकेक कापड धरत बसत नाही, तरुण डोळ्यांना तशी गरज नसते.
मावशींना टेबलावर काही उरलं नाही म्हणून त्या झाडू घेऊन फरशी झाडायला लागल्या. मला ते बघवेना. झाडूसुद्धा घेतला. मग त्या भिंतीशी उभ्या राहिल्या. त्यांना म्हटलं, मावशी, आराम करा. त्या म्हणाल्या, सवय नाही हो, हात लोंबतात.

सोमवार, २४ फेब्रुवारी
महिन्याचा अहवाल द्यायचा आहे. साध्या आकड्यांतून सेवक-नेतृत्व दिसणार नाही. म्हणून वेगळा परिच्छेद लिहिला: ‘टेबल क्र. ३ वरील वयोवृद्ध सहकाऱ्याचा भार मी स्वतः उचलला असून आता दहापैकी नऊ गठ्ठे माझे असतात. माझ्या इतर कामांवर याचा काहीही परिणाम झालेला नाही.’ शेवटचं वाक्य आधी नव्हतं. पण सेवेने माणूस थकत नाही, उलट बळ मिळतं, हे वरच्या लोकांना कळायला हवं.
आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, मी मी मी, बोकड बांधलाय का अंगणात? आणि डब्याला काय मुळं फुटायची आहेत, शनिवारपासून भिजतोय.

मंगळवार, ४ मार्च
साहेबांनी बोलावलं! बसायला खुर्ची दिली. (माझीच होती. तिचा पाय ओळखला.) म्हणाले, उत्तम अहवाल, असे सुपरवायझर हवेत. तीन नंबरवर आपण एक जागा उगाच चालवत होतो, हे तुमच्यामुळे लक्षात आलं.
धन्यवाद म्हटलं. पायऱ्या उतरताना प्रार्थना केली की मला गर्व होऊ नये.
घरी सांगितलं. आई कपडे वाळत घालत होती. तिचा हात दोरीवरच थांबला. म्हणाली, चालवत होतो म्हणजे? आता नाही चालवणार? कोणाची जागा गं ती?
मी म्हटलं, तसं काही नसेल.

बुधवार, ५ मार्च
तसंच होतं. मावशींना कागद मिळाला. पंधरा तारखेपासून कामावर यायचं नाही. त्यांनी तो मलाच वाचायला दिला, इंग्रजीत होता. मी वाचला. मग मराठीत सांगितला.
त्या ओरडल्या नाहीत. फक्त विचारलं, मग अठराच्या मंगळवारी मशीनवर घेतील का ह्यांना?
मी म्हटलं, काळजी करू नका, मी आहे ना. काकांनी ड्रायरचं दार जोरात आपटलं.

गुरुवार, ६ मार्च
योजना: साहेबांना सांगायचं, मला काढा, मावशींना ठेवा. मेंढरांसाठी जीव देणारा तोच खरा मेंढपाळ. रात्रभर भाषण पाठ केलं.
साहेब म्हणाले, अशी अदलाबदल होत नसते, बाई. तुमची जागा वेगळी, त्यांची वेगळी. आणि अहवालावर सही तुमचीच आहे ना? मग म्हणाले, अहवालात चूक असेल तर लेखी द्या. त्या बाईंचं काम नीट चालू होतं आणि ते तुम्ही काढून घेतलंत, असं साफ लिहा. शनिवारी एकपर्यंत. तुमच्या फाईलला लागेल तो कागद, पण मग मी त्यांचा थांबवू शकतो.
म्हणजे नुसतं एक पत्र. देव दार उघडतोच.

शुक्रवार, ७ मार्च
पहिला मसुदा: ‘मावशींचं काम व्यवस्थित होतं. त्या नको म्हणत असताना मी ते काढून घेतलं. त्यांच्या नंबरची चिठ्ठी टाकली नाही, कारण माझं काम दिसायला हवं होतं.’
लिहून झाल्यावर वाचलं. हे वाचून कुणालाही वाटेल की मी वाईट हेतूने केलं. तसं नव्हतं. जे नव्हतं ते लिहिणं हाही खोटेपणाच.
दुसरा मसुदा: ‘काढून घेतलं’ऐवजी ‘हातभार लावला’.
तिसरा: चिठ्ठ्यांचं वाक्य काढलं. तपशील फार होत होता.
चौथा: सुरुवातीला सेवक-नेतृत्वाची माहिती घातली, म्हणजे संदर्भ कळेल.
आई जेवायला हाक मारून दमली. शेवटी आत येऊन पहिला कागद उचलून वाचला. अक्षर लावत लावत. म्हणाली, हाच दे. मी म्हटलं, तुला नाही कळायचं, ही ऑफिसची भाषा असते. ती म्हणाली, मला एवढं कळतं की माझी घासायची भांडी कुणी असं प्रेमाने ओढून घेतली असती, तर तू शिकली नसतीस.

शनिवार, ८ मार्च. दुपारी १२.५०
चौथा दिला. सुंदर टाईप केला होता. शेवट असा: ‘सदर अहवालातील काही बाबी अधिक स्पष्टपणे मांडता आल्या असत्या, असे मला नम्रपणे वाटते.’ समजणाऱ्याला इशारा पुरेसा असतो.
मन हलकं झालं.

सोमवार, १० मार्च
साहेबांना इशारा समजला नाही. म्हणाले, यात चूक कुठे लिहिली आहे? पुढे म्हणाले, त्या बाईंचा कागद आज सकाळीच वर गेला, आता माझ्या हातात नाही.
पहिला मसुदा माझ्या पर्समध्येच होता. तिथेच काढून टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला. घड्याळाकडे पाहिलं. म्हणाले, हा शनिवारी का नाही दिलात?
बोलायला काहीच सुचलं नाही. मला! जिने अकरा मिनिटं साक्ष दिली.

शुक्रवार, १४ मार्च
मावशींचा शेवटचा दिवस. सकाळी त्या टेबलाशी आल्या आणि मी बाजूला झाले. एकाही कापडाला हात लावला नाही. त्यांनी दिवसभर घड्या घातल्या. बल्बसमोर धरायच्या, तळहात फिरवायच्या. मी मोजत होते. एकतीस गठ्ठे, सगळ्या चिठ्ठ्या त्यांच्या नंबरच्या. माझ्यापेक्षा एक जास्त.
जाताना ॲप्रन काढून त्याचीही घडी घातली आणि माझ्या हातात दिला. काका त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. माझ्याशी ते बोलत नाहीत. आता तर टोमणाही मारत नाहीत.

बुधवार, १९ मार्च
थिएटरमधून तीन हिरव्या चादरी परत आल्या. भोकं. वर शेरा: तपासणी कोण करतं? चिठ्ठ्या जोडलेल्या होत्या. माझ्या नंबरच्या.

रविवार, २३ मार्च
साक्षीसाठी पाळकसाहेबांनी पुन्हा नाव घेतलं. उठले नाही.
दुपारी मावशींच्या घरी गेले. एकच खोली, तीही अर्धी पलंगाने भरलेली. यजमान भिंतीकडे तोंड करून झोपले होते. पाय सुजले आहेत, चादरीखालूनही कळतं. आता आठवड्यातून एकदाच नेतात, सरकारी दवाखान्यात. तिथे पहाटेपासून रांगेत उभं राहायचं. नंबर लागला तर लागला.
वाटेत ठरवलं होतं, माफी मागायची, मग त्यांची भांडी घासायची, पाणी भरायचं, रोज यायचं. मावशींनी घरातली एकुलती खुर्ची पुढे ओढली आणि पदराने पुसली. मी म्हटलं, मी खाली बसते. त्या म्हणाल्या, बसा हो खुर्चीवर, आमच्याकडे आलेला माणूस खाली बसत नाही.
माफी मागितली. पहिल्या मसुद्यातली तिन्ही वाक्यं जशीच्या तशी म्हटली. त्यांनी ऐकून घेतली. बरं, म्हणाल्या. माफ केलं असं म्हणाल्या नाहीत.
मग त्या दोरीवरची चादर काढून घडी घालायला लागल्या. मोठी चादर, एकटीला टोकं पुरत नव्हती. मी उठून एक टोक धरलं. त्यांनी ते माझ्या हातातून हळूच सोडवून घेतलं. म्हणाल्या, राहू द्या. एवढं एक उरलंय माझ्याकडे.
मी परत खुर्चीत बसले. त्यांनी चादर हनुवटीखाली धरली, दोन्ही हात लांब केले आणि घडी घातली. वरून तळहात फिरवला. मग चहा दिला. चांगला होता. मी बसून प्यायले. कप विसळायला उठले नाही.

घरी आले तर आई अजून कामावरून आली नव्हती. माझा डबा कालचाच, न धुतलेला पडला होता.