बिननावी मासे

विश्रामबाग, सांगली
१८ डिसेंबर १९९४

चि. माया हिस दादाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

माझं आयुष्य बदललं ते मागच्या मंगळवारी, अंजना मोहितेनं काकांच्या मंडप-स्पीकरच्या दुकानात माईकवर फुंकर मारली तेव्हा. माईक चालतो का बघते म्हणाली आणि नुसतं फू केलं. मी मागं बांबू रचत होतो, हातातला बांबू थेट पायावर. अंगठा काळानिळा पडलाय, पण दुखत न्हाई. प्रेमात पडलेल्याला दुखत नाही, हे तुझ्या शास्त्राच्या वहीत लिहून ठेव.

ज्या कॉलेजचं दार आपटून मी गेल्या वर्षी बाहेर पडलो, तिथंच ती यंदा शिकायला आलीय. गॅदरिंगचं सूत्रसंचालन तिच्याकडं. तालमीला रोज माईक लागतो, कॉलेजचे शिपाई कोंडीबामामा पेटी न्यायला येतात. त्या पेटीत मी रोज एक चिठ्ठी घालतो. खाली नाव नाही. परवा तिनं कोंडीबामामांनाच विचारलं, तुम्ही लिहिता का म्हणून. म्हातारा लेकरांच्या शपथा घेत दुकानात आला आणि तांब्याभर पाणी प्याला!

नाव का लिहीत नाहीस, असं तू विचारणारच. ती आष्ट्याची. घरचा ऊस, दोन्ही भाऊ फौजेत. नाव लिहिलं की आडनाव आलं, आडनाव आलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. चार दिवस तरी नुसता माणूस म्हणून लिहितोय गं. लय मजा येते.

तुझा अभ्यास कसा चाललाय? आईला यातलं काही बोललीस तर तुझी वेणी मंडपाच्या खांबाला बांधीन. लोभ आहेच, तो अंजनाकडून उरला तर तुलाच.

तुझा दादा,
राजरत्न


सातारा
२२ डिसेंबर १९९४

ती. दादास मायाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र वाचून इतकी हसले की आईनं दोनदा विचारलं. अंगठ्याला हळद लाव. वहिनीची फुंकर त्यावर चालणार नाही. आबांची डेपोतली ड्यूटी बदलली, आता ते दुपारी घरी असतात आणि तू इथंही आपटलेल्या दाराची कडी दुरुस्त करत बसतात. तू कॉलेज सोडून आलास त्या दिवसापासून ती सुतळीनंच बांधलेली आहे.

माझं म्हणशील तर सहामाहीत तिन्ही तुकड्यांत पहिली आले. चूक तिथंच झाली असावी. आमच्या शाळेचंही गॅदरिंग सहा जानेवारीला आहे. शिक्षकखोलीबाहेर फिशपाँडचा डबा ठेवलाय. कुणीही कुणाबद्दल चिठ्ठी लिहून टाकायची, लिहिणाऱ्यानं नाव घालायचं नाही, आणि गॅदरिंगला लालासाहेब सर गळ टाकून एकेक मासा काढून वाचणार. डब्यात पडायच्या आधीच चिठ्ठ्या फिरतात. सकाळी 'अ' तुकडीत निघालेली मधल्या सुट्टीत 'ब'मध्ये पोचते, आणि शाळा सुटेस्तोवर 'क'च्या फळ्यावर. दहा जण उतरवून घेतात. सगळ्यांनी वाचलेली असते, लिहिलेली कुणीच नसते.

एकीत होतं, वीज गेली की माया हसली तरच सापडते. दुसरीत, सरकारची सून पहिली येणारच. तिसरीत माझ्या डब्यातली भाकरी खाल्ली तर घरी जाऊन अंघोळ करावी लागेल असं होतं. तेव्हापासून शेजारची सुमन डबा घेऊन पुढच्या बाकावर जाते. तिला राग नाही, भीती वाटते. अक्षर वीरधवलच्या टोळीतलं आहे असं मुली सांगतात.

दादा, मी गॅदरिंगला जाणार नाही. आणि खरं सांगू, पुढंही जावंसं वाटत नाही. तू सोडलंस, तुझं काय बिघडलं? मलाही काकांच्या दुकानात झालरी शिवायला घे.

आईला सांगू नकोस. तुझं गुपित माझ्याकडं, माझं तुझ्याकडं, फिटंफाट.

तुझी,
माया


विश्रामबाग, सांगली
२६ डिसेंबर १९९४

चि. माया हिस जयभीम.

झालरीबिलरी काय न्हाई! शाळा सोडलीस तर तंगडं मोडीन. माझं काय बिघडलं विचारतेस? रोज संध्याकाळी त्या कॉलेजची पेटी जाते आणि मी फाटकाच्या अलीकडं उभा राहतो. स्कॉलरशिपच्या रांगेत एक जण फुकट्या म्हणाला, मी त्याचं नाक फोडलं, दार आपटलं, आलो. नाक महिन्याभरात बरं झालं. मी अजून फाटकाच्या अलीकडंच.

त्या वीरधवलला मी येऊन फोडलाच असता, पण काका सोडत नाहीत, लग्नसराई आहे. म्हणून सोबत जाड पाकीट पाठवलंय. काल बसून फिशपाँड लिहिलेत, वीरधवलवर, त्याच्या घरच्यांवर, टोळीवर, कुणाला सोडलं नाही. सगळे डब्यात टाक. तुझं अक्षर ओळखतील, म्हणून मीच डाव्या हातानं लिहिलेत. सातारा हादरला पाहिजे!

आणि ऐक ऐक! तिनं उत्तर दिलं! माईकच्या पेटीत, वायरीच्या गुंडाळ्याखाली. लिहिलंय की चिठ्ठ्या आवडतात, पण बुरखेवाल्याशी मी बोलत नाही, नाव कळवा. मी आनंदानं बांबूच्या ढिगावर चढलो आणि ढीग घरंगळला. काका मला ज्या शब्दांनी बोलले ते तुझ्या वयाला शोभणार नाहीत.

नाव काय कळवणार गड्या! पण कागदाला तिच्या पावडरीचा वास होता. आबांना दंडवत, तुला एक टपली, आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

राजरत्न


सातारा
८ जानेवारी १९९५

ती. दादास सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं जाड पाकीट चुलीत गेलं. रागावू नकोस, आधी वाच.

वीरधवलवरचे पहिले चार वाचून हसले. पाचव्यात तू त्याच्या वडिलांच्या लंगड्या पायावर लिहिलंस. तो पाय सरहद्दीवर जायबंदी झालाय, दादा. त्याखालीही नाव नव्हतं. तुझ्यात आणि त्याच्यात मला फक्त डाव्या-उजव्या हाताचा फरक दिसला. माझा दादा चौघांना लोळवतो म्हणे, आणि चिठ्ठीवर सही करायला त्याचे हात कापतात!

त्या रागातच मी लिहायला बसले. आमच्या तुकडीतल्या प्रत्येकावर एक. टोमणा मारायचा, पण त्याच्या तोंडावर मारता येईल एवढाच. आणि खाली ठसठशीत, माया धोंडिराम बनसोडे.

गॅदरिंगला मी शेवटच्या रांगेत बसले होते, दाराजवळ, पळता यावं म्हणून. लालासाहेब सरांनी गळ टाकला. पहिलाच मासा सुमनचा, ती प्रार्थनेत डोळे मिटते ते थेट दुसऱ्या तासाला उघडते. सर वाचायच्या ओघात खालचं नावही वाचून गेले. सगळे वळून बघायला लागले. पुढच्या माशाखालीही तेच नाव, त्याच्या पुढच्याही. मग कुणीतरी सुरू केलं आणि सगळ्या मंडपानं उचललं. सरांचं वाचून झालं की पोरं एका सुरात माझं पूर्ण नाव ओरडायची, आबांच्या नावासकट, आडनावासकट! वीरधवलचा मासा निघाला, कबड्डीत सात जणांना भिडणारा भूमितीच्या बाईंनी नाव पुकारलं की बाकाखाली मावतो. तो स्वतःच आधी हसला.

आणि मग ती निघाली. वीज गेली की माया, इथवर सरांनी वाचलं. सवयीनं मंडप ओरडला, नाव? सरांनी चिठ्ठी उलटी केली. मागं कोरी. पुन्हा नाव, नाव! मी उभी राहिले. पळायला नाही, नुसती उभी. सरांनी उरलेलं मनात वाचलं, चेहरा पडला. म्हणाले की डबा आधी न तपासता आणला ही माझी चूक, आणि बिननावी मासा नासका असतो, तो वाढायचा नसतो. मग उरलेल्या बिननावी चिठ्ठ्या काढून खिशात कोंबल्या. खिसा फुगला, दादा. तेवढ्या होत्या.

काल सायकल स्टँडवर वीरधवल आला. माफीबिफी नाही. भूमितीचं तुला कुणी सांगितलं, एवढंच विचारलं आणि चेन पडलेली सायकल ढकलत गेला. फळ्यावर उद्या काय असेल ठाऊक नाही. पण सुमन तिचा डबा घेऊन मागं आली आणि माझी भाकरी तिनंच आधी मोडली.

दहावी देणार. आबांनी कडी बसवली आहे.

आता तुझी पाळी. तिला सही करून चिठ्ठी दे, नाहीतर सातारकरांना तोंड दाखवू नकोस. मोठ्या भावाला आज्ञा केली म्हणून राग नसावा, माया असावी. आहेच म्हणा, नाव तेच आहे.

माया धोंडिराम बनसोडे


विश्रामबाग, सांगली
११ जानेवारी १९९५

माया,

मायना राहिला, घाईत आहे. तुझं पत्र काकांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते उपरण्यानं डोळे पुसत मंडपाला धूळ फार झाली म्हणाले.

आज त्यांचं गॅदरिंग. कोंडीबामामा पेटी न्यायला आले, त्यांना बसवून ठेवलंय, चहा पाजलाय. आज पेटी मी नेणार. फाटकाच्या आत. चिठ्ठी लिहिलीय, पेटीत नाही, खिशात आहे, हातात देणार. मजकूर काहीच सुचला नाही. नुसतं नाव आहे, राजरत्न धोंडिराम बनसोडे. उजव्या हातानं लिहिलंय. ती हसेल, कदाचित चिठ्ठी परत देईल, भाऊ सुट्टीवर आले तर आणखी काही देतील. तरी तिला आता कळेल की कोण लिहीत होतं. छाती अशी वाजतेय की स्पीकरला जोडली तर मिरजेपर्यंत ऐकू जाईल!

येताना ऑफिसात विचारूनही येतो, राहिलेल्या वर्षाला पुन्हा बसवून घेतात का. हे आबांना एवढ्यात सांगू नकोस, आधी होऊ दे.

पत्र कोंडीबामामांकडं देतो, ते पोस्टात टाकतील. ही पेटी उचलली. बाहेर पडतोय, दार ओढून घेतोय. हळूच, माये, कडी जागच्या जागी बसेल असं.