बुडाचं लाकूड अन् शेंड्याचं
गुरुवार, १२ मार्च १९८१. आंजी

महादूबुवा सुतारानं एकाच बाभळीचे दोन तुकडे तासून ठेवले होते. बुडाकडचं लाकूड भरीव, ते बैलांच्या जुवासाठी. शेंड्याकडचं हलकं, ते खाटेसाठी. बुवाले आता कमी दिसते, म्हणून बुडाच्या तुकड्यावर गेरूची फुली. म्या गंमत म्हणून ती फुली पुसली अन् दुसऱ्यावर मारली. बुवानं फुली पाहून त्याच हलक्या लाकडाचं जू केलं. आज भर बाजारात ते जू मधातच मोडलं.

बुवा म्हणे, "पोरा, लाकूड नाई चुकलं, माहा हात चुकला. आता लाकूड तासाले वासला नाई धरत मी."

आता लिवतानी सोतालेच इचारतो, लेका, फुली तं तूच मारली. मंग काऊन नाई सांगतलं? उलटं म्हणलो, "बुवा, वय झालं तुमचं."

अन् बुवा हो म्हणाले.