पडद्यावर परतलेली होडी

मुरुड, गुरुवार, १३ नोव्हेंबर, सायंकाळ

आमच्या मच्छीमार संस्थेचे सचिव सांगतात की संगणक चुकला. हे विधान असत्य आहे. ‘होडीच्या नावाने मासळी धक्क्यावर तोलली गेली की होडी परतली’, ही व्याख्या मीच, निवृत्त शाळामास्तराने, संस्थेच्या संगणकासाठी लिहून दिली. सारे तक्ते, साऱ्यांचे फोन आता त्या एकाच व्याख्येवर चालतात. पूर्वी परतलेल्या होड्यांचा संस्थेचा आणि धक्क्याचा आकडा जुळत नसे, म्हणून कोणीतरी समुद्राकडे पाहत असे. आता सगळे जुळते.

बर्फ संपला की शेजारच्या होडीतून मासळी धाडायची, ही आपली रीत. ती मला कशी आठवली नाही? माझ्या मुलाची, दत्ताची मासळी दुसऱ्याच्या होडीतून आली आणि फोनच्या पडद्यावरची त्याच्या होडीची पाटी हिरवी झाली, म्हणजे ‘परतली’. दत्ता मात्र...

सूनबाई विचारते, “अण्णा, पाटी हिरवी हाय, मंग ह्ये घरी का न्हाईत?” आज मी तिची भाषा सुधारली नाही. हिरवी पाटी पाहून कोणी शोधायलाही गेले नव्हते. होड्या आत्ता निघाल्या. वारा वाढतो आहे.

तारखा दुरुस्त करून ठेवतो.
१० नोव्हेंबर: दत्ता समुद्रात गेला.
११ नोव्हेंबर: तक्त्यात ‘परतली’. खोडावे. केवळ मासळी आली.
१२ नोव्हेंबर: परतण्याचा ठरलेला दिवस. होडी आली नाही.
परतली: जागा मोकळी सोडली आहे.