अक्काबाईच्या राईशेजारचे माझे शेत

मी, सिंधुबाई गोरक्ष पिंगळे, वय ७१, राहणार करंजपाडा, वणीजवळ, जि. नाशिक, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. जळते ते मन, आणि त्याला डॉक्टरचा दाखला लागत नाही.

१. राहते घर, बँकेतली ठेव आणि ट्रॅक्टर मुलगा दीपक यास.

२. सोन्याची पोत सून निकिता हिला. तिने ती माझी थोरली जाऊ अक्काबाई हिला दाखवू नये. ती छान म्हणेल, आणि मनापासून म्हणेल.

३. द्राक्षबागेचे शेत गावच्या देवीच्या ट्रस्टला, राई म्हणून राखण्यासाठी. दीपकला तिथे प्लॉट पाडायचे आहेत, ते मनातच ठेवावे.

कारण सांगते. वाटणीत आमच्या रीतीप्रमाणे थोरल्याने वाटे पाडले, धाकट्याने आधी उचलला. धाकटे आम्ही. मी यजमानांना काळी जमीन उचलायला लावली. अक्काबाईकडे खडकाळ उतार आणि देवीची राई गेली. राईतली वाळकी काटकीसुद्धा चुलीत घालायची नाही, हा देवीचा दंडक. तेव्हा मला तिची कीव आली होती.

आता माझी बोअरवेल होळीलाच आटते, राईखालची तिची विहीर ज्येष्ठातही भरलेली. माझ्या बागेला पाणी तिनेच दिले आणि कधी बोलून दाखवले नाही. तेच मला सहन होत नाही. पाखरे द्राक्षे माझी खातात आणि वस्तीला तिच्याकडे जातात. नाशिकहून पक्षी बघायला माणसे येतात, चहा तिच्या ओट्यावर पितात, वर म्हणतात, "अक्का, केवढी तुमची श्रद्धा." दाणापाणी कोणाचे, हे कोणी विचारत नाही.

म्हणून बाग मोडावी, जाळ्या काढाव्यात, फवारणी बंद करावी. पाखरांनी टाकलेल्या बियांतून बांधावर उंबर, जांभूळ, भोकर उगवतात. आजवर मी ते खुरपून काढले, यापुढे कोणी हात लावू नये. तिथली वाळकी काटकीही उचलू नये. देवी काही तिची एकटीची नाही.

४. देखरेख अक्काबाईनेच करावी. दुसऱ्या कोणाचा मला भरवसा नाही. तिला विचारले तेव्हा म्हणाली, "सिंधू, तुझी जमीन काळी हाय. तुझी राई माझ्यापरीस लवकर वाढंल."

तिन्हीसांजेला पाखरे माझ्याकडे उतरतील तेव्हा ऐकायला मी नसेन. ती असावी. आणि एकदा, फक्त एकदा, तिला माझा हेवा वाटावा.

सही: सिंधुबाई गोरक्ष पिंगळे

साक्षीदार:
१. वाल्मीक गांगुर्डे, शेजारी.
२. अक्काबाई पिंगळे, जाऊ. मजकूर न वाचता सही केली. म्हणाली, "तू लिवलंय ना, मग बास."

स्थळ: करंजपाडा
दिनांक: १२ मे २०२५