बाथरूमची कडी

बाबा,

बाथरूमच्या दाराची आतली कडी मी स्क्रू काढून पर्समध्ये घालून नेली आहे. शोधत बसू नका.

काल तुम्ही आत पडलात तेव्हा मी बाहेर इस्त्री करत होते. बादली आपटल्याचा आवाज आला म्हणून विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "माझं मी बघतो." या घरात एवढं म्हटलं की समोरच्यानं गप्प बसायचं, हे तुम्हीच लावलेलं वळण. मी तुमच्याच शर्टाला इस्त्री करत राहिले. शेवटी सरपटत येऊन तुम्ही कडी काढलीत तेव्हा ओठ निळे पडले होते, आणि वर मलाच म्हणालात, "बघ, लागली का कुणाची गरज?"

जेवण झाकून ठेवलंय. डब्याचं झाकण मुद्दाम सैल ठेवलंय. तुमच्या उजव्या हातात आता जोर राहिला नाही, हे आपण दोघंही बोलत नाही.

तुमची पीटीच्या तासाची शिट्टी कपाटातून काढून उशाशी ठेवली आहे. हाक मारायला लाज वाटत असेल तर ती वाजवा. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांवर वाजवलीत, एकदा स्वतःसाठी वाजवा.

ती ऐकून कुणीतरी यावं म्हणून शेजारच्या काकूंना सांगून जाणार होते. त्यांच्या बेलवर बोटही ठेवलं. पण "जरा लक्ष ठेवाल का" एवढं म्हणायला जीभ रेटेना. तशीच परत फिरले. तुमचीच लेक ना मी.

संध्याकाळी येते. तोवर पडू नका, बाबा.