यांदे नावाची जात

३ मार्च, जोआल
आले एकदाची! खिडकीतून होड्या दिसतात आणि वाळत घातलेल्या मासळीचा वास थेट उशीपर्यंत येतो. मला तो आवडतो, मी किनाऱ्याचीच. काम मनासारखं मिळालंय. चोफ माशाच्या कल्ल्यांवरचे चपटे कृमी वेचायचे, रंग देऊन काचेवर बसवायचे आणि कोण कुठल्या जातीचा ते ठरवायचं. प्रोफेसर दियात्ता म्हणाले, शेपटाकडचे चिमटे नीट बघ, बाकी सगळं फसवतं. हे कृमी आपला मासा सोडून दुसऱ्याकडे सहसा जात नाहीत. मासे कापणाऱ्या सीगामावशी कल्ले आम्हाला देतात आणि उरलेला चोफ दुपारी भाताबरोबर शिजतो. ऐश आहे.

१९ मार्च
नवी जात सापडली! असे चिमटे आजवर कुणीच नोंदवलेले नाहीत. प्रोफेसर तिला माझं नाव देणार, यांदे. टपाल कचेरीतून धाकट्या बहिणीला, टेनिंगला, फोन लावला. तिला सातवा चालू आहे. मुलगी झाली तर तिलाही तुझंच नाव ठेवणार म्हणाली.

आमच्यात जिला आपलं नाव मिळतं तिचा आपल्यावर हक्क असतो, तिला आपल्या घासातला घास द्यावा लागतो. सीगामावशींना चेष्टेला निमित्तच मिळालं.

"नावबहीण आली ना तुझी? मग रिकाम्या हातानं काय बघतेस? दे की तिला काहीतरी."

कल्ल्याच्या काट्यानं माझं बोट फाटलं होतं. हे कृमी रक्तावरच जगतात, म्हणून मी गमतीनं एक थेंब त्या नव्या कृमीच्या बशीत टाकला. जिवंत होता तो कृमी, लगेच थेंबाकडे सरकला. आम्ही पोट धरून हसलो.

६ मे
लेख छापून आला. नाचायला हवं होतं, पण खोकला पाठ सोडत नाही.

१३ मे
टेनिंगला मुलगी झाली. बारशाला जायची फार इच्छा आहे, पण चार पावलं चालले की धाप लागते. डॉक्टर म्हणाले छाती साफ आहे. मग घशात हलतं काय?

१७ मे
थुंकी काचेवर घेतली. रक्त — आणि त्यात चिमटे. मी काढलेल्या चित्रातले, हुबेहूब. प्रोफेसरांना विनवलं, नाव बदला. छापलेलं नाव मागे घेता येत नाही म्हणाले. माझ्याकडे बघत नव्हते.

१९ मे
सीगामावशी आज हसल्या नाहीत.

"तू तिला पहिला घास दिलास, पोरी. आता हे नाव जिथं जाईल तिथं ती खायला मागणार."

जिथं जाईल तिथं — टेनिंगचं बाळ. बारसं उद्या. भीती वाटतेय. लाइन लागत नाही —

२० मे
लागला फोन. आवाज फुटेना — घशात ते — टेनिंग हसत होती. बाळाच्या कानात नाव सांगून झालं म्हणाली. माझंच. बोल तुझ्या नावबहिणीशी म्हणाली, फोन बाळाच्या तोंडाशी धरला —

बाळ रडत नव्हतं. खोकत होतं. बारीक, ओलं, अगदी माझ्या —